मॅकेन्झी कुळाचा टार्टन: वाचण्यापासून नेसण्यापर्यंत

टार्टनचा, म्हणजे स्कॉटलंडच्या चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, तुकडा हातात आला की बहुतेक जण सर्वांत आधी तो कोणत्या कुळाचा आहे हे विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. हे कापड कसे विणले आहे, हा पहिला प्रश्न असावा. कारण दुकानातल्या चिठ्ठीवरचे नाव चुकू शकते, पण धागे मोजले की त्या नावाचा ताळा करता येतो, आणि पुष्कळदा त्या मोजणीतून कुळाच्या इतिहासाविषयी चिठ्ठीपेक्षा अधिक कळते. स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला केव्हातरी एखाद्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘हायलँड पोशाख’ (स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागाचा पारंपरिक वेष) हे शब्द दिसतात आणि मग घाईघाईने भाड्याच्या कपड्यांचे दुकान गाठावे लागते. त्याच्यासाठी, तसेच ज्याला एखाद्या कुळाचा वारसा नीट अभ्यासायचा आहे त्याच्यासाठीही, उत्तर स्कॉटलंडमधल्या मॅकेन्झी या एकाच कुळाचे उदाहरण घेऊन ही पद्धत येथे पायरीपायरीने मांडली आहे. हे कूळ निवडण्याचे कारण असे की त्याचा टार्टन कुलप्रमुखाच्या वाड्यातून नव्हे, तर लष्करी पलटणीतून आला, आणि त्यांपैकी एक पलटण १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ लढली होती.

पहिली पायरी: कापड वाचणे

कापड दिवसाच्या उजेडात सपाट पसरावे आणि जवळ भिंग, दोन टाचण्या व फूटपट्टी ठेवावी. चांगला टार्टन लोकरीचा असतो आणि त्याची वीण तिरपी असते. प्रत्येक धागा दोन धाग्यांच्या वरून आणि दोन धाग्यांच्या खालून जातो व पुढच्या ओळीत ही जागा एका धाग्याने सरकते, त्यामुळे कापडावर बारीक तिरप्या रेषा उमटतात. आपल्याकडच्या चौकड्याच्या लुगड्यातही उभे-आडवे पट्टे असतात, पण त्यात ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) आणि बाण्याचे (आडव्या धाग्यांचे) रंग वेगळे ठेवण्याची मुभा असते. टार्टनमध्ये मात्र सर्वसाधारणपणे ताण्यात रंगांचा जो क्रम आणि जी संख्या असते, तीच बाण्यात घेतली जाते. या क्रमाच्या एका पूर्ण आवर्तनाला ‘सेट’ म्हणतात.

सेट मोजण्यासाठी आधी वळणाची जागा शोधावी लागते, म्हणजे असा पट्टा की ज्याच्या दोन्ही बाजूंना रंगांचा क्रम आरशात पाहिल्यासारखा उलटा होत जातो. अशा दोन जागा सापडतात. त्या दोन्ही ठिकाणी टाचण्या टोचाव्यात आणि भिंगाखाली एका टाचणीपासून दुसरीपर्यंत प्रत्येक रंगाचे धागे मोजून लिहावेत. निळे इतके, काळे इतके, पुन्हा निळे इतके, अशा पद्धतीने केलेली ही नोंद म्हणजे त्या टार्टनची जन्मपत्रिकाच असते. विणकर मागणीप्रमाणे सेट लहानमोठा करतो तेव्हा आकडे बदलतात, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण साधारण तेच राहते. म्हणून दोन नोंदी ताडून पाहताना सुट्या आकड्यांऐवजी प्रमाणाकडे पाहावे.

मॅकेन्झी टार्टनमध्ये निळा, काळा, हिरवा, पांढरा आणि तांबडा असे पाच रंग आहेत. निळे, काळे आणि हिरवे पट्टे रुंद असतात. प्रत्येक हिरव्या पट्ट्याच्या मधोमध काळ्या काठांची बारीक पांढरी रेघ असते. तांबडी रेघ मात्र एकाआड एक निळ्या पट्ट्यातच येते, आणि मधल्या निळ्या पट्ट्यांत केवळ बारीक काळ्या रेघा असतात. पाच रंगांचे धागे एकमेकांना छेदतात तेव्हा पाच शुद्ध आणि दहा मिश्र, अशा पंधरा छटा दिसू शकतात. एक गोष्ट भिंगाखाली अवश्य पाहावी. पांढरी रेघ हिरव्या पट्ट्यातून जाते तेथे ती खरोखर पांढरी नसते, कारण पांढरा व हिरवा धागा आलटून पालटून वर येत असतात. जेथे उभी पांढरी रेघ आडव्या पांढऱ्या रेघेला भेटते, तेवढ्याच जागी ज्वारीच्या दाण्याएवढा स्वच्छ पांढरा चौकोन तयार होतो. छापील कापडावर रेघ सगळीकडे सारखीच पांढरी असते, त्यामुळे विणलेला टार्टन आणि छापलेली नक्कल यांतला फरक या एका दाण्यावरून क्षणात ओळखता येतो.

दुसरी पायरी: भावंडांपासून वेगळे करणे

पांढरी आणि तांबडी रेघ मनातल्या मनात काढून टाकली, तर खाली उरते ते काळ्या-निळ्या-हिरव्या रंगांचे ‘ब्लॅक वॉच’ नावाचे कापड. ब्रिटिश सैन्यातल्या हायलँड पलटणींचा हा मूळ टार्टन असल्यामुळे त्याला ‘सरकारी टार्टन’ असेही म्हणतात. याच पायावर रेघा चढवून अनेक टार्टन तयार झाले आणि म्हणूनच ते एकमेकांत मिसळतात. हिरव्या पट्ट्यावर एकच पिवळी रेघ असेल तर तो गॉर्डन असण्याचा संभव मोठा आहे. पांढरी रेघ आहे, पण तांबडी कोठेच नाही, असे दिसले तर तो लॅमॉन्ट किंवा फोर्ब्झ असू शकतो, आणि हे दोघे एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की धागे मोजल्याशिवाय निवाडा करू नये. सर्वांत अधिक घोटाळा होतो तो हॅरिस येथील मॅक्लाउड कुळाच्या टार्टनशी, कारण त्यात तांबडी रेघ तशीच राहते आणि पांढरीच्या जागी पिवळी येते. दिव्याच्या पिवळट प्रकाशात या दोन्हींतला फरक जवळजवळ नाहीसा होतो. दुकानात असाल तर कापड दाराशी नेऊन पाहण्याची परवानगी मागण्यात संकोच करू नये.

मोजणी झाली की ती अधिकृत नोंदीशी ताडावी. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ साली केलेल्या कायद्यानुसार ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ ही नोंदवही २००९ पासून सुरू झाली. एडिनबरा येथील राष्ट्रीय अभिलेखागार ती सांभाळते आणि कोणालाही ती इंटरनेटवर पाहता येते. तेथे ‘मॅकेन्झी’ असा शोध घेतल्यावर एकाहून अधिक नोंदी समोर येतात, याने गोंधळून जाऊ नये. प्रत्येक नोंदीपुढे तिचा काळ, ती कोठून मिळाली आणि काही बंधने असल्यास ती, असे तपशील दिलेले असतात. ते न वाचता केवळ चित्र पाहून निर्णय घेणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन विकत घेण्यासारखे आहे.

तिसरी पायरी: कापडाचा इतिहास कुळाच्या इतिहासापासून सुटा करून पाहणे

स्कॉटलंडमध्ये चौकड्यांचे लोकरी कापड फार जुने आहे. फॉल्कर्क येथे रोमन नाण्यांच्या साठ्याबरोबर सापडलेला तुकडा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आहे, आणि ग्लेन ॲफ्रिकच्या दलदलीत मिळालेला तुकडा १५०० ते १६०० या काळातला असल्याचे रंगांच्या परीक्षणावरून व कार्बनच्या कालमापनावरून ठरले असून तो २०२३ साली डंडी येथे प्रदर्शनात मांडला गेला. परंतु अमुक कुळाचा अमुकच टार्टन ही शिस्त बरीच अलीकडची आहे. त्याआधी विणकर आपल्या भागात मिळणारे रंग आणि आपली आवड यांप्रमाणे विणत असे.

कुळाचा इतिहास मात्र त्याहून जुना आणि वेगळ्या वाटेने आलेला आहे. मॅकेन्झी म्हणजे गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत ‘कॉयन्यच’चा, अर्थात केनेथचा, पुत्र. जुन्या स्कॉटिश लिपीत ‘य’सारखा उच्चार असलेले एक अक्षर होते. छापखान्यांकडे त्याचा खिळा नसल्याने त्याऐवजी ‘झेड’ वापरला गेला आणि मॅकेन्यी असे काहीसे असलेले नाव कायमचे मॅकेन्झी झाले. कुळाचे मूळ ठाणे पश्चिम किनाऱ्यावरच्या किंटेल भागात होते. १६२३ साली कुलप्रमुखाला सीफोर्थचा अर्ल ही पदवी मिळाली, तर दुसरी मोठी शाखा पुढे क्रोमार्टीचे अर्ल म्हणून ओळखली जाऊ लागली. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या १७१५ आणि १७१९ च्या उठावांत सीफोर्थ राजाविरुद्ध लढला आणि त्याची जहागीर गेली. १७४५ च्या उठावात सीफोर्थ घराणे सरकारच्या बाजूने राहिले, पण क्रोमार्टीचा अर्ल जॉर्ज मॅकेन्झी बंडात उतरला आणि १५ एप्रिल १७४६ रोजी, म्हणजे कलोडनच्या निर्णायक लढाईच्या आदल्याच दिवशी, पकडला गेला. त्याला झालेली देहान्ताची शिक्षा माफ झाली, पण जहागीर जप्त झाली.

त्यानंतर आलेल्या कायद्याने १ ऑगस्ट १७४७ पासून हायलँडमधल्या पुरुषांना किल्ट (कमरेला गुंडाळायचे गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे वस्त्र) आणि टार्टनचे कपडे वापरण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. सैनिक या बंदीतून वगळलेले होते. ही एक सवलत लक्षात ठेवली की पुढचे सारे उलगडते, कारण १ जुलै १७८२ रोजी बंदी उठेपर्यंत हायलँडच्या पुरुषाला उजळ माथ्याने टार्टन घालण्याची सोय मुख्यतः पलटणीतच उरली होती.

बंडखोर अर्लचा मुलगा जॉन मॅकेन्झी याला ‘लॉर्ड मॅक्लाउड’ असा किताब होता. घराण्याची पत परत मिळवण्यासाठी त्याने १७७७ साली राजाच्या सेवेत एक पलटण उभी केली, आणि १७८४ मध्ये जहागीर खरोखरच परत मिळाली. सीफोर्थ शाखेने १७७८ साली एक आणि १७९३ साली फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी याच्या पुढाकाराने दुसरी पलटण उभारली. सरकारी टार्टनवर पांढरी आणि तांबडी रेघ चढली ती या पलटणींच्या गणवेशात, आणि तेच कापड पुढे कुळाचे मानले गेले. वर सांगितलेल्या मॅक्लाउड टार्टनशी असलेले साम्यही लॉर्ड मॅक्लाउडने उभारलेल्या पलटणीकडे बोट दाखवते. १७९३ ची पलटण म्हणजे ७८ वी, ‘रॉस-शायर बफ्स’. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांमधल्या माळावर आर्थर वेलस्लीच्या सैन्यात ७४ व्या पलटणीबरोबर तीही होती आणि समोर दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज होती. त्या लढाईची खूण म्हणून या पलटणीच्या चिन्हांत हत्ती आला. इनव्हर्नेसजवळच्या संग्रहालयात काचेमागे ‘असाय’ हे अक्षरांकन प्रथम पाहिले तेव्हा ते आपल्या असईचे नाव आहे हे उमजायला मला क्षणभर वेळ लागला होता.

बंदी उठल्यानंतर लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ पासून कुलप्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मोहोर लावून मागवले, आणि ऑगस्ट १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जच्या एडिनबरा भेटीसाठी वॉल्टर स्कॉट यांनी सरदारांना हायलँड पोशाखात येण्याचे आवाहन केले. आपला टार्टन कोणता हे अनेक प्रमुखांना तेव्हाच शोधावे लागले आणि बॅनकबर्नच्या विल्सन पेढीचे माग रात्रंदिवस चालू लागले. या पार्श्वभूमीवर कोणी तुम्हाला हजार वर्षांचा कुलटार्टन म्हणून काही विकू लागला, तर किंमत विचारण्याआधी पुरावा विचारावा.

चौथी पायरी: नावाचा आणि नात्याचा शोध

मॅकेन्झी आडनाव असलेला प्रत्येक जण कुलप्रमुखाच्या रक्ताचा असतो असे नाही. कुळाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला असलेली कित्येक कुटुंबे प्रमुखाचेच नाव लावत. उलट, वेगळे नाव असूनही कुळाशी घट्ट बांधलेले लोक होते. आयलीन डोनन किल्ला मॅकेन्झींसाठी सांभाळणारे मॅक्रे इतके विश्वासू होते की त्यांना ‘मॅकेन्झींचे चिलखत’ म्हटले जाई, परंतु त्यांचे कूळ आणि टार्टन दोन्ही स्वतंत्र आहेत. ‘मॅक’ आणि ‘मक’ या लिखाणातल्या फरकाला काहीही अर्थ नाही. एकाच माणसाचे नाव दोन दप्तरांत दोन प्रकारे सापडते.

वंशावळ शोधायची असेल तर ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळापासून सुरुवात करावी. जन्म-विवाह-मृत्यूची सक्तीची नोंद १ जानेवारी १८५५ पासून आहे. त्याआधीच्या चर्चच्या नोंदींपैकी सर्वांत जुन्या १५५३ च्या असल्या, तरी हायलँडमधल्या बऱ्याच चर्चच्या वह्या अठराव्या शतकाच्या आधी जात नाहीत. म्हणून १८५५ नंतरच्या एखाद्या मृत्युनोंदीपासून मागे जावे. तीत आई-वडिलांची नावे आणि आईचे माहेरचे नाव मिळते, आणि मॅकेन्झींच्या गर्दीत हे माहेरचे नावच खरा धागा ठरते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवण्याची तेथील रीत मराठी वाचकाला नवी वाटणार नाही. तिचा आधार घेऊन एक पिढी मागे अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज नोंदीने पक्का झाल्याशिवाय वंशवृक्षात लिहू नये.

नाते काहीच नसेल तर? मॅकेन्झी टार्टन नेसण्यास कायद्याची आडकाठी नाही. बाल्मोरल टार्टन मात्र राजघराण्यासाठी राखीव मानला जातो आणि काही संस्थांच्या टार्टनला परवानगी लागते. माझे मत विचाराल तर, यजमानांच्या कुळाचा टार्टन त्यांना न विचारता नेसण्यापेक्षा एक ओळीचा निरोप पाठवून विचारावे. बहुधा आनंदाने होकार येतो. चिन्हांच्या बाबतीत नियम अधिक कडक आहे. पट्टा-बक्कलच्या वर्तुळात कुलप्रमुखाचे चिन्ह असलेला बिल्ला कुळाचे सदस्य निष्ठेची खूण म्हणून लावतात, आणि अशा चिन्हांवर लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या न्यायालयाचा अधिकार चालतो. मॅकेन्झींचे कुलचिन्ह ज्वाळांनी पेटलेला डोंगर आहे आणि ब्रीद ‘मी उजळतो, जाळत नाही’ या अर्थाचे लॅटिन वाक्य आहे. दुकानांत याच नावाने सांबराच्या शिंगांचे डोके असलेला जो बिल्ला मिळतो आणि ज्यावर ‘राजाला साह्य करा’ अशा अर्थाचे गेलिक शब्द असतात, तो सीफोर्थ हायलँडर्स या पलटणीचा आहे. पाहुण्याने दोन्ही टाळावेत हे उत्तम.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष पाहणे

दोन दिवस हाताशी असतील तर इनव्हर्नेसला मुक्काम करावा. स्ट्रॅथपेफरजवळचा कॅसल लाउड हा आजही कुलप्रमुखाचे, म्हणजे क्रोमार्टीच्या अर्लचे, घर आहे आणि ठरावीक दिवशीच खुला असतो, त्यामुळे तारीख आधी पाहावी. फोर्ट जॉर्जच्या संग्रहालयात पलटणीचे गणवेश जवळून पाहता येतात. पश्चिमेला डॉर्नी गावाशी तीन खाड्यांच्या संगमावर उभा असलेला आयलीन डोनन छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक आहे, पण आज दिसतो तो किल्ला १९१२ ते १९३२ या काळात नव्याने बांधलेला आहे. जुना किल्ला मे १७१९ मध्ये आरमाराने उडवून दिला होता.

सहावी पायरी: कापड मागवणे

येथे पहिला खड्डा ‘एन्शंट’ या शब्दाचा आहे. हा शब्द नमुन्याचे वय सांगत नाही. वनस्पतिजन्य रंगांसारख्या फिकट छटांना ‘एन्शंट’, रासायनिक रंगांच्या गडद छटांना ‘मॉडर्न’ आणि मातीत मुरल्यासारख्या करड्या-तपकिरी छटांना ‘वेदर्ड’ म्हणतात. सेट तिन्हींत एकच असतो. मॅकेन्झीच्या बाबतीत गडद छटेत निळा आणि काळा लांबून एकच भासतात, म्हणून वीण दिसावी अशी इच्छा असेल तर फिकट छटा घ्यावी, आणि पलटणीच्या कापडाचा भारदस्तपणा हवा असेल तर गडद.

पूर्ण किल्टला परंपरेने ८ यार्ड, म्हणजे सुमारे ७.३ मीटर कापड लागते. पन्हा दुप्पट असेल तर ४ यार्ड घेऊन ते लांबीत दोन भागांत कापतात व जोडतात. वजन यार्डाला १३ किंवा १६ औंस असे सांगितले जाते. जड कापडाच्या निऱ्या चांगल्या पडतात आणि ते वाऱ्याने उडत नाही, हा हायलँडमध्ये क्षुल्लक मुद्दा नव्हे. शिंप्याला एक गोष्ट आधीच सांगावी लागते. निऱ्या सेटवर घालायच्या की रेघेवर? सेटवर घातल्या तर पाठीमागेही पूर्ण चौकडा जुळून दिसतो. रेघेवर घातल्या तर प्रत्येक निरीच्या मधोमध एकच रेघ उभी राहते आणि चालताना मागून पट्ट्यांची रांग हलताना दिसते. पलटणींची पद्धत रेघेची असे. मॅकेन्झीत पांढरी रेघ निवडली तर मागची बाजू उजळ दिसते. हाताने शिवलेल्या किल्टला कित्येक आठवडे लागतात, म्हणून लग्नाची तारीख कळताच माप द्यावे.

सातवी पायरी: नेसणे

किल्ट घालतात असे म्हणण्यापेक्षा नेसतात असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते, कारण ते शेवटी गुंडाळायचेच वस्त्र आहे. विजारीसारखे कमरेच्या हाडावर न ठेवता ते बेंबीच्या पातळीवर बांधावे. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या टोकापासून मध्यापर्यंत कोठेतरी यावी. ती तपासण्यासाठी गुडघे टेकून बसावे, म्हणजे कड जमिनीपासून किंचित वर राहायला हवी. आधी आतला पदर डाव्या बाजूला बांधावा, मग बाहेरचा पदर उजवीकडे आणून पट्टे आवळावेत. निऱ्या पाठीमागे आणि सपाट भाग पुढे येतो. टार्टनची मुख्य उभी रेघ नाभीच्या रेषेत आली की नाही हे आरशात पाहून घ्यावे.

किल्टची पिन बाहेरच्या पदराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लावतात आणि ती फक्त वरच्याच पदरातून जाते. मी पहिल्यांदा ती दोन्ही पदरांतून पक्की लावली, खुर्चीवरून झटकन उठलो आणि भाड्याच्या कापडाला बोटभर चीर पडली. समोर लटकणारी स्पोरन नावाची पिशवी बक्कलच्या खाली चार बोटे अंतर सोडून राहते, नाचताना ती बाजूला सरकवतात. मोजे गुडघ्याखाली दुमडून त्यात रंगीत पट्टी दिसेल अशी ठेवावी. उजव्या हाताने काम करणाऱ्याने छोटा सुरा उजव्या मोज्यात खोचावा आणि विमानप्रवासात तो हातातल्या सामानात ठेवू नये.

परत आल्यावर किल्ट लगेच कपाटात कोंबू नये. रात्रभर मोकळ्या हवेत टांगावे, डाग असल्यास ओल्या फडक्याने टिपावा आणि यंत्रात धुऊ नये. निऱ्या मोठ्या टाक्यांनी हलकेच शिवून ठेवल्या तर त्यांची घडी पुढच्या समारंभापर्यंत मोडत नाही. लोकरीला कसर लागते, म्हणून कापडी पिशवीत कडुनिंबाची सुकी पाने घालून ठेवणे हा घरचा उपाय येथेही चालतो. फक्त पाने कापडाला थेट चिकटणार नाहीत याची काळजी घ्यावी, नाहीतर पांढऱ्या रेघेवर हिरवट डाग उमटतो.